करवंदाच्या सरबताच्या लेबलवर काय लिहावं? (सूज, अँटिऑक्सिडंट वगैरे)

केळघरकर (धागाकर्ता)

मंडळी, जावळीतल्या आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे. पापड, कुरडया, लोणची हे नेहमीचं चालू असतंच. यंदा वहिनीने करवंदाचं सरबत काढायचं मनावर घेतलंय. नमुन्याची बाटली घरोघर फिरली, चवीला नाव ठेवणारं कोणी भेटलं नाही. घोडं अडलंय लेबलवर. ओळखीच्या एका पोराने फुकटात लेबल करून दिलं, त्यावर मजकूर असा: ‘सह्याद्रीचं काळं सोनं. अँटिऑक्सिडंटचा खजिना. सांधेदुखी, सूज, मधुमेह यांवर रामबाण.’ गट खूश आहे. मला मात्र ‘रामबाण’ वाचून धडकी भरली.

वाचून कळलं ते थोडक्यात मांडतो. करवंद म्हणजे कॅरिसा, कुळ कण्हेर-सदाफुलीचं. ओठाला चिकटणारा पांढरा चीक त्या कुळाचाच. पिकल्यावर येणारा काळा-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा, त्यातही सायनिडिन गटातल्या. सालीवरच्या मेणचट थरात उर्सोलिक आम्ल, शिवाय ल्युपिऑल वगैरे, ही सगळी ट्रायटर्पिनं, म्हणजे मेणचट वनस्पतिद्रव्यं. क जीवनसत्त्व आहे, पेक्टिन तर भरपूर, म्हणून जेली झटकन धरते. रंगद्रव्यांना अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारी) म्हणतात आणि ट्रायटर्पिनांना दाहशामक (सूज उतरवणारी). जांभूळ-आवळ्यावर संशोधकांच्या उड्या पडल्या, त्या मानाने आमच्या जाळीकडे कोणी फारसं वळलेलं दिसत नाही.

प्रश्न दोन. यातलं किती सरबतात उतरतं? आणि खोटं न बोलता लेबलवर काय छापता येईल?

रानभूल

आधी सांगा, तुमच्याकडची करवंदं कोंबडा की कोंबडी? 😀

लहानपणी यवतेश्वरच्या चढावर हाच खेळ. करवंद दाताने फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. ज्याची कोंबडी त्याने पुढचं करवंद द्यायचं. सरबताला कोंबडेच घ्या, रंग छान येईल.

केळघरकर

@रानभूल, वहिनी तेच म्हणाली. पण पाटीभर करवंदं फोडून बघणार कोण?

नीरक्षीर

अन्नप्रक्रियेच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

रानभूल यांचा खेळ रसायनशास्त्राला धरूनच आहे. काही झाडांच्या फळांत रंगद्रव्य सालीपुरतं राहतं, काहींत गरातही उतरतं. त्यामुळे ‘करवंदात अमुक इतके अँथोसायनिन’ असा एकच आकडा कोणी तोंडावर फेकला तर कुठल्या डोंगराचं, कुठल्या जाळीचं, किती पिकलेलं हे आधी विचारा.

आता ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ हे ठरवतात कसं? डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं. त्यात फळाचा अर्क घातला की ते पिवळं पडत जातं. किती पडलं ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं, झाली चाचणी. स्वस्त, सोपी, एमएस्सीच्या पोरांना एका दुपारात जमणारी. म्हणूनच रानफळांवरच्या निबंधांत ती हटकून भेटते. पण डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेही नसतं, आणि फळाचा अर्क बहुधा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो. दुसरी फोलिन-सिओकाल्टो. एकूण फिनॉल मोजायला वापरतात, पण तिला क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही फिनॉलसारख्याच दिसतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी अशाच परीक्षानळीतल्या आकड्यांची, ओरॅक मूल्यांची, यादी संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती स्वतःच काढून टाकली. गोळ्या विकणारे ते आकडे डब्यांवर मिरवत होते आणि शरीरातल्या परिणामाशी त्यांचा मेळ लागत नव्हता.

घरच्या घरी एक गंमत करून बघा. करवंदाच्या पातळ रसात चिमूट-चिमूट खायचा सोडा घाला, लाल रंग निळसर-हिरवट होत जाईल. मग लिंबू पिळा, बराचसा लालीकडे परत येईल. अँथोसायनिन असल्याची ती खूण. रासायनिक लाल रंग घातलेलं सरबत असा रंग पालटत नाही. गटाच्या स्टॉलवर हे करून दाखवलंत तर ‘खजिना’ छापायची गरजच पडणार नाही.

वारणाकाठ

शिराळ्याकडनं लिहितोय. आमच्या सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं २०१८ ला, आणि तवापासनं जो येतोय तो हळदीतल्या पिवळ्या करक्युमिनचंच सांगतोय. गोळ्या निघाल्या, पावडरी निघाल्या, शेतकऱ्याला दर कुठं वाढून मिळाला? हळदीत करक्युमिन मोजून तीन-चार टक्के. तुमच्या करवंदाचंबी तसंच व्हनार बघा. नाव हुईल, पैका दुसराच नेईल.

बाकी करवंद लई ग्वाड. चांदोलीच्या अंगाला मे महिन्यात या कधीतरी.

मिरजेतला डॉक्टर

@वारणाकाठ, हळदीचं उदाहरण अगदी योग्य जागी आणलंत. परीक्षानळीत करक्युमिन जवळपास प्रत्येक रोगावर काम करताना दिसतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला तेव्हा कारण पुढे आलं: हा रेणू चाचण्यांनाच चकवतो. तो स्वतः चमकतो, प्रथिनांना जागोजाग चिकटतो, द्रावणात टिकत नाही, आणि तोंडावाटे घेतला तर रक्तात फार थोडा पोचतो. भाजीत हळद घाला, मीही घालतो. पण थाळीतली गोष्ट औषधाच्या डबीत घालताना पुरावा वेगळा लागतो.

करवंदाच्या ‘सूजनाशक’ गुणाची चाचणी बहुतेक ठिकाणी कशी झालीय ते सांगतो. उंदराच्या पंज्यात कॅराजीनन टोचतात. हे समुद्री शेवाळापासून काढतात. आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच. पंजा सुजतो. आधी अर्क पाजलेल्या उंदराचा पंजा तीन-चार तासांत कमी सुजला तर अर्क दाहशामक. ही पद्धत १९६२ पासून चालत आलीय, उपयोगीही आहे. पण ती ताज्या, तासाभरात उठणाऱ्या सुजेची आहे. माझ्या ओपीडीत येणारा गुडघा वीस वर्षं झिजलेला असतो. दोन्हींना मराठीत सूज म्हणतात म्हणून औषध एक होत नाही.

दुसरं, कॅरिसावरचं पुष्कळ काम फळावर नाही, मुळांवर आणि पानांवर आहे. लेबलवाले ते फळाच्या नावावर खपवतात. आणि इथे एक धोक्याची सूचना: मुळं उकळून काढा पिऊ नका. या कुळात हृदयावर काम करणारे ग्लायकोसाइड असतात, कण्हेर त्यामुळेच विषारी आहे, आणि करवंदाच्या मुळांतही ते सापडलेत. पिकल्या फळाची गोष्ट वेगळी, ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलंय.

चिकित्सक

म्हणजे डॉक्टरसाहेब, तुमच्या मते करवंदात काहीच नाही? आजी-आजोबा काय उगाच खायचे?

मिरजेतला डॉक्टर

आजी-आजोबा गोड लागतं म्हणून खायचे, आणि त्याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

‘काहीच नाही’ असं मी म्हटलं नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये आठ पुरुषांना सायनिडिन-३-ग्लुकोसाइड (सायनिडिन गटातलंच अँथोसायनिन) दिलं गेलं, ५०० मिलिग्रॅम, त्यातल्या कार्बनला खूण करून. मग तो कार्बन रक्तात, लघवीत, श्वासात शोधला. साधारण १२ टक्के शरीरात शोषला गेला. पूर्वी समजत होते त्याहून हे जास्त होतं. पण मूळ रंगद्रव्य त्यात थोडंच, बाकी त्याचे तुकडे. म्हणजे काम होत असेल तर आतड्यातल्या जिवाणूंनी मोडलेल्या तुकड्यांचं. तिथे परीक्षानळीतला पिवळा रंग काही सांगत नाही.

आणि ‘अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं’ हे गृहीतकही तपासून झालंय. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन वगैरे गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के *जास्त*. गाजर खाणाऱ्यांनी घाबरायचं नाही, हे वेगळं काढून गोळीत भरलेल्या द्रव्याबद्दल आहे.

पिंपळपान

आयुर्वेदाच्या बाजूने दोन ओळी. भावप्रकाश या जुन्या ग्रंथात करमर्दाचे (करवंदाचे) गुण सांगताना कच्चं आणि पिकलेलं वेगळं काढलंय. कच्चं आंबट, जड, तहान भागवणारं पण रक्तपित्त आणि कफ वाढवणारं. पिकलेलं गोड, हलकं, पित्त-वात शमवणारं. एकाच फळाचे जवळजवळ उलटे गुण. तेव्हा ‘करवंद हे अमुक रोगावर’ असं सरसकट विधान आयुर्वेदाच्या नावाने कोणी करत असेल तर तेही अर्धवट.

चिकित्सक

हे पटलं. रसायनातही तसंच ना? कच्च्यात रंगद्रव्य नाहीच.

नीरक्षीर

हो, कच्च्यात आम्ल आणि पेक्टिन जोरात, रंगद्रव्य पिकता पिकता येतं.

केळघरकरांचा पहिला प्रश्न राहिलाच. सरबतात काय उतरतं? अँथोसायनिन पाण्यात विरघळतात, ते रसात येतात. उर्सोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ती सालीबरोबर चोथ्यात राहतात. म्हणजे ‘सूजनाशक’ म्हणून ज्यांचं नाव घेताय ती द्रव्यं तुम्ही फडक्यात पिळून मागे टाकताय! चोथ्याचं काय करता?

केळघरकर

वहिनीला विचारलं. चोथा गोठ्यामागच्या उकिरड्यावर. 😐

सुगरण_वाई

अगं बाई, चोथा टाकायचा नाही! बिया काढून चोथा गूळ घालून आटवायचा, ताटलीत थापून उन्हात वाळवायचा, आंब्याच्या पोळीसारखी पोळी होते. किंवा लाल मिरची, लसूण, मीठ घालून चटणी. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

मला एक विचारायचंय. आमच्या ओळखीच्या एका घरगुती उद्योगाचं करवंद सरबत महिन्याभरात फिकट पडून विटकरी झालं. चव बरी होती, वासही नव्हता. असं का व्हावं?

नीरक्षीर

टिकवायला काय घातलं होतं? पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असेल तर उत्तर तिथेच आहे. त्यातला सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनला जाऊन चिकटतो आणि रंग घालवतो. लिंबू, आंबा यांना ते चालतं. जांभूळ, करवंद, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांना सोडियम बेंझोएट वापरायचं, अर्थात नियमाच्या मर्यादेत.

बाकी कारणंही असतात. जास्त वेळ उकळणं. पारदर्शक बाटली उजेडाच्या खिडकीत मांडणं. लोखंडी कढई किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं (धातूशी जुळून रंग निळसर-काळपट होतो, स्टील वापरा). आणि एक गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटतं: वरून क जीवनसत्त्व घातलं तर हवा लागताच रंग *लवकर* जातो, दोन अँटिऑक्सिडंट एकमेकांना सांभाळत नाहीत. आंबटपणा मात्र हवा. सायट्रिक आम्लाने रंग लाल राहतो आणि टिकतो. उत्तम म्हणजे थंडीत ठेवा, लवकर विका.

ठोंब्या

रंग घालवण्यावरून आठवलं. केकवर, आइस्क्रीमवर, पानात जी लालभडक ‘चेरी’ असते ती आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतेच, करवंद असतं. फळ घ्यायचं, सल्फर डायऑक्साइडच्या पाण्यात बुडवून होता तो रंग घालवायचा, बी काढायची, साखरेच्या पाकात मुरवायचं आणि मग एरिथ्रोसिनसारखा रासायनिक लाल रंग चढवायचा. अमेरिकेने तोच एरिथ्रोसिन खाद्यपदार्थांतून काढायचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये घेतला.

फुकटचा रंग धुवायचा आणि विकतचा लावायचा. उद्योग म्हणतात तो हाच. (हलके घ्या.)

रानभूल

ई!! म्हणजे इतकी वर्षं मी चेरी काढून फेकत होते ती करवंदंच होती?

घाटवाट

धागा सरबतावर आहे, तरी थोडं अवांतर लिहितो, कारण ‘द्रव्य सापडलं’ की झाडाचं काय होतं ते आपल्या घाटमाथ्याने पाहिलंय.

नरक्याचं झाड आठवा. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्धचं द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते आपल्या नरक्यात दाखवलं. त्यापासून केलेली औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, रुग्णांना उपयोगी पडली, त्याबद्दल तक्रार नाही. पण द्रव्य साल-मुळांत, त्यामुळे झाडच तोडायचं. पश्चिम घाटात ठिकठिकाणी नरक्या चोरून तोडला गेला, अजून पकडला जातो.

करवंदाचं फळ खुडून झाड मरत नाही, ही त्यातली जमेची बाजू. पण उद्या कोणी ‘मुळांत जास्त ताकद’ म्हणून बाजार उठवला तर जाळी खणायला वेळ लागणार नाही. डॉक्टरांनी मुळांचं लिहिलं ते म्हणूनच ठळक राहू द्या.

आणि जाळी म्हणजे नुसतं फळ नाही. बोडक्या डोंगरावर करवंदाच्या काट्यांआड गुरांपासून वाचून आंजन, जांभळाची रोपं वर येताना मी बघतो. दर फाल्गुनात गवत चांगलं येईल म्हणून वणवा लावतात, त्यात ही जाळी होरपळते आणि ऐन मोहराच्या सुमारास. गटाने फळं घ्यायची तर ज्या डोंगरावरून घेता तिथला वणवा थांबवायचंही मनावर घ्या. फळं आणून देणाऱ्या धनगरवाड्यावरच्या बायकांना किलोमागे काय देता, तेही इथे लिहा की.

केळघरकर

@घाटवाट, रोख बोललात. दर अजून ठरलेला नाही. रस्त्यावर द्रोण विकून सुटतं त्यापेक्षा किलोमागे जास्त द्यायचं, इतकं गटाने मान्य केलंय. नाहीतर कोण कशाला काट्यात हात घालून आमच्याकडे आणून देईल?

वारणाकाठ

ह्ये खरं बोलला. आणि नुसत्या डोंगरावर इसंबून ऱ्हाऊ नका. बांधाला कुंपण म्हणून लावा, जनावर आत येत न्हाई आणि फळबी मिळतंय. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण बोल्ड जात हाय, फळ मोठं. बी ताजं असतानाच टाका, वाळलं की उगवायचं वांधं.

नीरक्षीर

लागवडीच्या मोठ्या फळात गर वाढतो आणि सालीचं प्रमाण घटतं, म्हणजे किलोमागे रंग कमी पडू शकतो. सरबताला रानातलं बारकं काळं फळच सरस ठरेल असा माझा अंदाज. लोणच्याला मोठं बरं.

आता दुसरा प्रश्न, लेबल. २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो, टळतो किंवा त्यावर उपचार होतो असं छापता येत नाही. सांधेदुखी, मधुमेह, रामबाण, तिन्ही शब्द गेले. ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ लिहायचं तर दाव्यामागे पुरावा दाखवता आला पाहिजे, आणि तो तुमच्या बाटलीतल्या मालाचा, कुणाच्या निबंधातल्या फळाचा नाही.

मिरजेतला डॉक्टर

मधुमेह तर आधी काढा. सरबताच्या पाकात वजनाने साधारण ६५ टक्के साखर धरली (पाक पाण्याहून जड असतो) तर ४० मिलिलिटर पाकात तीस ग्रॅमच्या वर साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवा म्हणते. एका पेल्यात २५ चा हिशेब संपला. आणि सतत जास्त साखर शरीरातल्या संथ दाहाला खतपाणी घालू शकते. सूज उतरवणारं सरबत म्हणून हे मधुमेही माणसाच्या हातात देऊ नका.

ज्याला खरंच करवंदातलं काही पोटात जायला हवंय त्याने मे महिन्यात द्रोणभर ताजी करवंदं सालीसकट खावीत. चीक लागेल, सोसावा.

चिकित्सक

मग सरबत विकायचंच नाही का? जिलबीवाला कधी म्हणतो का जिलबी तब्येतीला चांगली?

सुगरण_वाई

तेच तर! चवीला चांगलं आहे ना, मग चवच विका. पाहुणे आले की कोकम सरबत देतो तेव्हा कोणी अँटिऑक्सिडंट विचारतं का?

केळघरकर

सगळ्यांचे आभार. काल गटाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. चेरीचं ऐकून बायकांनी डोक्याला हात लावला. सोड्याचा प्रयोग तिथेच झाला, रंग पालटला तसा एकच कल्ला. रामबाण गेला. नवीन मजकूर असा ठरतोय:

‘करवंद सरबत. जावळीच्या डोंगरातली पिकली करवंदं. रंग फळाचाच, वेगळा रंग घातलेला नाही. उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा.’

चोथ्याची पोळी पुढच्या घाण्यापासून. बाटल्या पारदर्शक आल्यात, त्या खोक्यातच ठेवून विकू.

नीरक्षीर

उत्तम. दोन दुरुस्त्या. बेंझोएट घातलं तर ‘परिरक्षक आयएनएस २११’ (हा सोडियम बेंझोएटचा क्रमांक) लिहावं लागेल. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असते, तेव्हा पहिलं नाव साखरेचं येईल, करवंदाचं नाही.

केळघरकर

हे वहिनीला तुम्हीच सांगा.